रविवार न पाळणारं यंत्र

रोज सकाळी स्टेशनचं कुलूप उघडलं की लेसिएली चपला दाराशी काढायची, सर्व्हरच्या कपाटावर तळवा ठेवायची आणि विचारायची, "काय रे, रात्री किती जेवलास?" मग रात्रीची प्रत निघाली का ते पडद्यावर बघायची. चहा त्यानंतर.

नेइआफू या आमच्या बेटावरच्या गावातल्या छोट्या रेडिओ स्टेशनवर मी बातम्या आणि मयताच्या सूचना वाचते. यंत्रं लेसिएली सांभाळायची. प्रमुख सिआओसी तिचा सख्खा मामा. आमच्याकडे भाचीनं मामाच्या ताटातला घास उचलला तरी त्यानं हसायचं असतं, त्यामुळे ती त्याची खुशाल थट्टा करायची.

मोठं वादळ होऊन गेलं, त्यानंतर काही आठवड्यांनी सर्व्हर भरला. नवं काही ध्वनिमुद्रित होईना.

"म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी काढून टाक," सिआओसी म्हणाला. "शनिवारी सूर्य बुडायच्या आत जागा हवी, रविवारी यंत्राला कोणी हात लावणार नाही. रविवारची प्रार्थना ध्वनिमुद्रित झाली नाही तर चर्चचे पाळक मला देवाआधीच जाब विचारतील."

त्या गोष्टी लेसिएलीनं होडीतून बेटाबेटांवर जाऊन ध्वनिमुद्रित करून आणलेल्या. चटया विणता विणता म्हाताऱ्या बोलल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक जणी आता हयात नव्हत्या.

"त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे ना?"

"आहे. आणि ती डिस्क वादळ आलं की टोपलीत बसून टेकडीवर जाते. नेणाऱ्याचा पाय घसरला की मग काय, मामा, तू सांगशील गोष्टी? तुला तर स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही."

सिआओसी हसला, पण शब्द मागे घेतला नाही.

ती कामाला लागली. एकेक फोल्डर मोजत गेली. बेरीज केली तर सर्व्हर जेमतेम अर्धा भरलेला. यंत्र मात्र म्हणत होतं, जागा नाही. पुसलेली एखादी फाइल कुठला प्रोग्रॅम धरून बसला असेल म्हणून तिनं सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. आकडा हलला नाही. तिच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं, जसं भरतीनंतर वाळूवर अनोळखी पाऊल दिसावं.

शनिवारी दुपारी उकडलेला कंद खाता खाता ती थांबली.

"हरवलेली जागा जवळजवळ आपल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांएवढीच आहे. हे उगाच नाही." मग माझ्याकडे वळली. "वादळात डिस्क तू नेली होतीस ना? परत कधी आणलीस?"

"सोमवारी. वादळ शनिवारी रात्री ओसरलं, पण रविवारी कोण ओझं उचलणार? टेकडीवरच्या चर्चमध्येच होती, पाळकांच्या चटयांवर."

"आणि वीज?"

"रविवारी आली. स्तोत्र चालू असताना दिवे लागले. सिआओसी रडला होता."

"डोळ्यात धूळ गेली होती," आतून सिआओसी म्हणाला.

लेसिएलीनं कंद खाली ठेवला. "म्हणजे रविवार आपण पाळला. यंत्रानं नाही."

तिनं डिस्क अलगद सोडवली. ती जोडली की जणू एका फोल्डरवर चटई अंथरली जाते आणि खालचं काही दिसत नाही. आता तो फोल्डर उघडा पडला. रिकामा असायला हवा होता. आत सगळं भरलेलं. वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला होता, ठरल्या वेळी प्रत काढायला गेला होता, आणि डिस्कच्या जागी काहीच न दिसल्यानं त्यानं पहिल्यापासून सगळं तिथेच, स्वतःच्या पोटात, उतरवून ठेवलं होतं. सोमवारी मीच त्यावर डिस्क जोडली.

तिनं लगेच पुसलं नाही. आधी डिस्क दुसरीकडे जोडून दोन्हीकडचं ताडून पाहिलं. मग एक म्हातारी लावली. चटईची पात ओढल्याचा सरसर आवाज आला, मग खोकला, मग गोष्ट. सिआओसी दारात येऊन उभा राहिला. गोष्ट संपल्यावर तिनं सर्व्हरवरची जादा प्रत पुसली. सूर्य बुडायच्या आत जागा झाली.

त्या म्हाताऱ्या आता दर गुरुवारी रेडिओवर बोलतात. कपाटावर तळवा मी ठेवते. लेसिएली गेल्या थंडीत वारली. मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलात जायला तिला धक्क्यावर नेणारी गाडी तिच्या घरी आली, तेव्हा मी तिची पिशवी धरून मागे चालत होते, आणि वळून ती म्हणाली, "फाटक लाव गं, डुकरं आत येतील."