वायफायची पंगत

आमच्या घरात वायफायलाही मानपान आहे, आणि तो मीच सुरू केला.

संगमनेरजवळ आमचा मळा. मोबाईलला रेंज नाही, सगळा भार एका वायफायवर. त्यात लेकीची, प्राजक्ताची, नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर! नेट आधी कुणाला द्यायचं हे राउटरच्या ॲपमध्ये ठरवता येतं, असं मला समजलं. मी लगेच क्रम लावला. अगदी पंगत वाढतात तसा! आधी जावई, म्हणजे कोपरगावहून आलेले माझ्या बहिणीचे पती, आमचे दाजी. (माझ्या लग्नात त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. अजून बोलून दाखवतात.) मग माझे वडील, अण्णा. मग गोठ्यातला कॅमेरा, कारण म्हैस गाभण. मग प्राजक्ता, घरचीच पोर. शेवटी यजमान, म्हणजे मी.

मुलाखत सुरू झाली आणि पडद्यावरचे साहेब तोंड उघडं ठेवूनच थिजले.

"पप्पा, नेट!" प्राजक्ता रडकुंडीला आली. पोरगी या मुलाखतीपायी महिनाभर धड जेवली नव्हती.

ओसरीवर दाजी मोबाईलवर बैलगाडा शर्यत बघत होते. लाइव्ह!

"दाजींना बंद करायला सांगा की!" बायको दबक्या आवाजात खेकसली.

"जावयाला? पुन्हा लग्नातलं काढतील!"

"मंग त्या ॲपात त्यांना खाली घ्या!"

तेवढं मलाही सुचलं होतं! पण आमचं ॲप उघडायलाच नेट लागतं, आणि मी पंगतीत शेवटचा. माझ्या मोबाईलवर नुसतं गोल फिरतंय, फिरतंय... तिकडे साहेबांचा तुटका आवाज, "हॅलो... आपण... आहात का?"

शेवटी प्राजक्ताच उठली. तडक ओसरीवर, दाजींपुढे!

"मामा, तुमचा मोबाईल द्या. माझी मुलाखत अडकलीय."

मी डोळे मिटून घेतले. आता भडका!

"आगं, मंग आदी सांगायचं न्हाई व्हय?" दाजींनी मोबाईल तिच्या हातात ठेवला. वर मला म्हणाले, "काय पाव्हणं, पोरीपरीस शर्यत मोठी हाय का?"

त्या मानाच्या मोबाईलवरून ती पुन्हा मुलाखतीला बसली. साहेब झरझर बोलू लागले. मी भिंतीला टेकून घाम पुसला.

तिला नोकरी लागली. आता ती घरूनच काम करते आणि क्रमही तीच लावते. पहिली ती. मी अजून कॅमेऱ्याच्या खालीच.

परवा म्हैस व्याली. दाजींनी कोपरगावात बसून कॅमेऱ्यातून रेडकू पाहिलं. मला मात्र चपला घालून गोठ्यात जावं लागलं!