दसऱ्याची हळद आणि काळ्या देठाची बुरशी

झाशीच्या एका कॉलेजात जयसिंगराव मोहित्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या काचा धुतल्या. पूर्वज तलवार घेऊन आलेले, ह्यांच्या हाती आला चिमटा. जवळच्या बरुआसागरला आल्याच्या वावरात सडका पाला दिसला की गडी गुडघ्यावर बसलाच. शोधायचा चिकट बुरशी. म्हणायचं बुरशी, पण जात न्यारीच. आधी सायीसारखी सरपटत जंतू खाते, मग वाळता वाळता देठ उभे करते, वर खसखशीएवढी बोंडं. ती बोंडं जयसिंगराव रिकाम्या काडेपेटीत डिंकानं चिकटवून ठेवत.

भांडण होतं दोन पेट्यांवरून. एकीत पांढऱ्या देठाची बोंडं, दुसरीत काळ्या.

"रावजी, एकच जात आहे," प्राध्यापक विद्याताई म्हणायच्या. "ओल कमीजास्त झाली की देठ रंग बदलतो."

"मॅडमजी, एकाच पानावर, एकाच ओलीत दोन्ही उगवल्यात. वर काळीचे बीजकण काटेरी, पांढरीचे गुळगुळीत. सख्ख्या बहिणी अशा असतात होय?"

"जनुकं तपासू. एकच निघाली तर तुमची काळी पांढरीच्या पेटीत."

"अन् दोन निघाल्या तर काळीच्या पेटीवरची चिठ्ठी मी लिहिणार."

तोवर काळीची पेटी त्यांच्या खिशात, कॉलेज ते घर. दसऱ्यानंतर नमुने जनुकं तपासायला लखनौला गेले. महिन्यानं उत्तर आलं, तशा विद्याताई हसून खुर्चीतनं पडायच्या बेतात.

"पांढरी बुरशीच आहे. तुमची काळी मात्र हळद निघाली!"

जयसिंगरावांनी घरी येऊन पेटी भिंगाखाली धरली. बोंडांवर पिवळी धूळ.

"इंदिरा!"

"ओरडता कशाला?" बायको पदराला हात पुसत आली. "दसऱ्याला हत्यारं पूजतात ना आपल्यात? तलवार तुमच्या आजोबांनी विकून खाल्ली. मग पूजला चिमटा, भिंग अन् ही पेटी. हिला हळद चिमूटभर जास्तच वाहिली, लाडकी म्हणून."

रागवावं कुणावर? पुढल्या पावसाळ्यात गडी पुन्हा आल्याच्या वावरात रांगला. चौथ्या खेपेला काळी सापडली. ह्या वेळी पेटी घरी गेलीच नाही, विद्याताईंच्या टेबलावरच राहिली, नमुना तिथूनच थेट लखनौला.

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी उत्तर आलं: जाती दोन. विद्याताईंनी पेन पुढं सरकवलं. जयसिंगरावांनी चिठ्ठीवर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'काळा देठ, काटेरी बीजकण, वेगळी.'

"न्या आता घरी, वहिनींना दाखवा."

"ना मॅडमजी," म्हणत त्यांनी पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "दसरा जवळ आलाय."