माझ्या लठ्ठ अळ्या

फळमाशीच्या अळीचा मेंदू एका मज्जातंतूमार्फत शेजारच्या ग्रंथीला निरोप धाडतो. निरोप पोचला की ग्रंथी हॉर्मोन बनवते, अळी खाणं सोडते आणि कोशात जाते. माझ्या अळ्यांमध्ये तो तंतूच मी गप्प केला होता. बापड्या नुसत्या खात राहायच्या, लठ्ठ व्हायच्या आणि फार उशिरा कोशात जायच्या. माझी सगळी पीएचडी त्यांच्यावर उभी होती.

मेलबर्नला लॉकडाऊन लागला तेव्हा लॅबमध्ये जायचं परमिट एकालाच मिळालं, लॅबमधल्या माझ्या मित्राला. तो पुण्याचा, युनिव्हर्सिटीच्या मागेच राहणारा. मी लांब ट्रुगानिना उपनगरात, चाइल्डकेअर बंद, कडेवर बाळ. माझ्या माशा वेळच्या वेळी ताज्या बाटल्यांत हलवायचं त्याने कबूल केलं. बाळाच्या बारशाला हाच पेढे वाटत फिरला होता, म्हणून मी निर्धास्त. ऐन थंडीत त्याचा फोन आला. बुरशी लागली, सगळं मेलं म्हणाला. मी ढसाढसा रडले, आणि वर त्याचीच समजूत काढली की तुझा काय दोष.

बाळामुळे मी झूमच्या मीटिंगा बुडवायचे. एकदा ते झोपलं म्हणून बसले, तर नेमकी मित्राची काम दाखवायची पाळी. पडद्यावर माझ्या अळ्या, जिवंत, टम्म फुगलेल्या. आमच्या गाइडबाई कौतुकाने मला म्हणाल्या की बाळामुळे जमत नाही म्हणून तू हे काम त्याला देऊन टाकलंस, असं करायला मोठं मन लागतं. मी कधी दिलं? मी अनम्यूटचं बटण शोधेपर्यंत बाई पुढे गेल्या होत्या.

मग बाईंनी त्याला विचारलं की अळी कापून उघडताना तो तंतू तुटत कसा नाही. तो अडखळला. माझ्या फोनवर मेसेज आला.

'कसं करतेस गं ते? पटकन सांग ना, प्लीज.'

डोक्याचा निरोप पोचायच्या आत माझ्या बोटांनी टाइप करून टाकलं. तोंडाकडून ओढायचं नाही, शेपटीकडून कापून अळी मोज्यासारखी उलटी करायची. त्याने ते शब्द न् शब्द वाचून दाखवलं. बाई खूश झाल्या. मूर्ख बाई मी.

संध्याकाळी त्याला फोन करून विचारलं, का केलंस असं?

'अगं, पण जगवल्या कोणी?' तो म्हणाला. 'तू तर घरी होतीस.'

बाळ मांडीवर झोपलं होतं, म्हणून मला ओरडताही आलं नाही.