छावणीची हजेरी

अजूनही अधूनमधून फोन येतो आणि पलीकडून एक म्हातारा, खरखरीत आवाज म्हणतो, “ताई, करमाड बोलतोय.” माझ्या सुनेनं पहिल्यांदा तो फोन उचलला तेव्हा ती गोंधळून म्हणाली, “आई, कुठल्यातरी रेल्वे स्टेशनातून फोन आलाय.” मला हसू आवरेना. करमाड हे जालना रोडवरचं गाव, ते खरंच. पण आमच्या घरी करमाड म्हणजे एक माणूस. तहसीलदार म्हणून रिटायर झाला, आता नातवंडं सांभाळतो. माझ्या वडिलांचा विद्यार्थी.

इकडचं तिकडचं बोलून झालं की फोन ठेवताना तो हमखास म्हणणार, “सर म्हणजे आमचे बापच होते हो, ताई.” की माझ्या अंगाचा तिळपापड झालाच म्हणून समजा. होते ना बाबा, तुमचे होते! गुरुवारच्या बाजारात भेटणारा असो की लग्नात वाकून नमस्कार करणारा असो, जो तो येतो आणि माझाच बाप मला सांगून जातो. मी आपलं “हो, हो” म्हणते आणि भाजीची पिशवी उचलून चालायला लागते.

अण्णा कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात, हैदराबादला, सगळं उर्दूत. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य गेलं, आणि मग काही वर्षांत औरंगाबादेत खेड्यापाड्यातली पोरं कॉलेज शिकायला यायला लागली. त्यांना उर्दूतला जुगराफिया काय कळणार? मग अण्णांनी चाळिशीला आल्यावर स्वतःचा विषय मराठीतून पुन्हा पाठ केला. शिकवायला कोण, तर माझी आई. ती भाकरी थापता थापता विचारायची, “खत्त-ए-उस्तवा?” अण्णा चुलीसमोर पाटावर बसून म्हणायचे, “विषुववृत्त.” चुकले तर पुढची भाकरी उशिरा मिळायची. आईला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. बारा वर्षं संसार करून ऐकून ऐकून तिला ते सगळं तोंडपाठ झालं होतं.

खेड्यातून आलेली ही पोरं लई बुजरी. कुठला रे तू, असं विचारलं की खाली बघत “इथलाच, औरंगाबादजवळचा” म्हणायची. गावाचं नाव तोंडातून निघायचं नाही. अण्णांना ते फार लागायचं, कारण हैदराबादला असताना त्यांनीही तेच केलं होतं. शहरातली मुलं हसतील म्हणून चार वर्षं आपलं गाव लपवलं होतं. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

तर अण्णांनी वर्गात हजेरी गावाच्या नावानं घ्यायला सुरुवात केली. “करमाड!” अशी हाक मारायची. पोरगा उठून “हजर, सर” म्हणाला की त्याला गावाची एक खबर विचारायची. विहिरीला पाणी किती, ज्वारी निसवली का, शाळेवर पत्रे घातले का. फर्दापूरचा एक मुसलमान मुलगा होता, त्याच्या वडिलांचं अजिंठ्याला येणाऱ्या लोकांसाठी चहाचं हॉटेल होतं. त्याला विचारायचे, “काय फर्दापूर, वाघूर वाहतीय का?” तो म्हणायचा, “वाहतीय सर, पन लई थोडी.” एका गावचे दोघं असले तर एक थोरलं आणि एक धाकटं. महिन्याभरात पोरांची मान वर व्हायची, आणि एकमेकांनाही ती गावाच्याच नावानं हाका मारायची.

हाक मारली आणि “हजर” आलं नाही, तर अण्णांचं चित्त लागायचं नाही. कॉलेज सुटलं की सायकल काढून थेट त्या पोराच्या खोलीवर. कोण तापानं पडलेलं असायचं, तर कोणाच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नसायचा. मग त्याला सायकलवर डबलसीट घालून घरी आणायचे. औरंगाबादच्या छावणी भागातलं आमचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं, आणि पुढच्या पडवीत कायम कुणाची ना कुणाची वळकटी पसरलेली. आई वरणात पाणी वाढवायची आणि म्हणायची, “आज कोणतं गाव जेवायला आहे?”

मला ते सगळं आवडायचं असं नाही. खोटं कशाला बोलू? मी नकाशा घेऊन अण्णांची वाट बघत बसायचे. नदी कशी काढायची ते मला शिकवायचं त्यांनी कबूल केलेलं असायचं. “बस, आलोच,” म्हणायचे. तेवढ्यात दारात कुणीतरी “सर” म्हणून उभं राहायचं आणि अण्णा उठून जायचे. मी आईवर आदळआपट करायचे. सीताफळांच्या दिवसांत फर्दापूर टोपलीभर सीताफळं आणायचा. त्यातलं चांगलं पिकलेलंही अण्णा आधी पडवीतल्या पोरांना द्यायचे आणि मला म्हणायचे, “तू काय, घरचीच.” हे ‘घरचीच’ ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

म्हणून कॉलेजात गेल्यावर मी भूगोल घेतला. आईनं कपाळावर हात मारला. “अगं, तुला भूगोल कधीपासून आवडायला लागला?” मी म्हटलं, “आजपासून.” मला भूगोल नको होता, मला अण्णा हवे होते. रोजचा एक तास तरी ते उठून कुठं जाणार नाहीत, आणि मी समोर बसून त्यांना बघेन, एवढाच माझा हिशेब.

आणि मला हाकही हवी होती. “छावणी!” असं ते म्हणणार, मी उठणार, “हजर, सर” म्हणणार. मग काहीतरी विचारतीलच. काय विचारतील? मी ठरवून टाकलं, खाम नदीचं पाणी विचारणार. आमच्या वाटेवर खामचा पूल होता. पहिल्या दिवशी मी पुलावर थांबले, कठड्यावरून चांगली वाकून पाणी बघितलं आणि उत्तर घोकत वर्गात गेले.

अण्णा आले. खडू टेबलावर ठेवला. “करमाड!” झालं, “फर्दापूर!” झालं, गावं तीच, पोरं आता नवी, एकामागून एक सगळी झाली. मी बाकाच्या कडेवर सरकून बसले. मग त्यांनी खडू उचलला आणि म्हणाले, “चला.” फळ्याकडे वळले आणि त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत सगळी गोदावरी हात न उचलता काढली.

मला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला, दिवाळी गेली. मी रोज पुलावर वाकून पाणी बघत होते. कधी पायाच्या घोट्याएवढं, कधी नुसता चिखल, आणि एकदा श्रावणात काठाला लागलेलं तांबडं पाणी. तेव्हा तर मी पळतच वर्गात गेले. आज विचारतीलच! कशाचं काय!

शिकवायचे मात्र असे की मी सगळं विसरायचे. वाऱ्याबद्दल बोलताना त्यांचा हात वाऱ्याच्या दिशेनं फिरायचा. आपल्या मराठवाड्यात पाऊस का कमी हे सांगताना आवाज जड व्हायचा. सगळ्या वर्गावरून त्यांची नजर फिरायची, ती माझ्यावरूनही जायची, आणि तेवढ्यानं माझं पोट भरायचं. तास संपल्याची घंटा झाली की मला त्या शिपायाचा राग यायचा.

एकदा जेवताना मी विचारलंच. “अण्णा, माझी हजेरी का नाही घेत?”

“लावतो की. रोज लावतो.”

“लावता, पण हाक कुठं मारता?”

ते हसले. “पोरं काय म्हणतील? स्वतःच्या पोरीचंच कौतुक चाललंय म्हणतील.” आई म्हणाली, “तुम्ही पण ना! मारा की एकदा हाक, काय जातंय?” अण्णा म्हणाले, “बघू.” ते ‘बघू’ कॉलेज संपलं तरी बघूच राहिलं.

माझं लग्न गावातल्या गावात झालं. मीही शाळेत भूगोल शिकवला, गोदावरी हात न उचलता काढायला शिकले, ती फळ्यावर बघून बघूनच. आई गेल्यावर अण्णांना माझ्याकडे आणलं. पडवीतली पोरं पांगली होती, कुणी मुंबईला तर कुणी दुबईला. आता तरी अण्णा माझे, असं मला वाटायचं. पण ते खिडकीत बसून रस्त्यावर डोळे लावायचे आणि सायकलची घंटा वाजली की कान टवकारायचे.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना ताप भरला. एका दुपारी मी उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. डोळे मिटलेले होते. एकदम त्यांनी हाक दिली, “करमाड!”

मी दचकले. ते थांबले. पुन्हा म्हणाले, “करमाड!” खोलीत कूलरची घरघर तेवढी होती. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हात पांघरूण बाजूला सारायला लागले. “आला नाही आज. खोलीवर जाऊन बघतो. माझी सायकल...” आणि ते उठायला लागले. अहो, कूस बदलायलाही त्यांना माणूस लागायचं!

मी त्यांचे खांदे धरले आणि म्हणाले, “हजर, सर.”

ते मागे टेकले. “विहिरीला पाणी?”

“भरपूर आहे, सर.”

“फर्दापूर!”

“हजर, सर. वाघूर वाहतीय.”

मग गावामागून गाव आलं. त्यातली कितीतरी पोरं आता या जगातही नव्हती. मी सगळ्यांची “हजर” दिली. सगळीकडे पाऊस पाडला, ज्वारी पिकवली, शाळांवर पत्रे घातले. प्रत्येक उत्तरासरशी अण्णांचा चेहरा सैल होत गेला. मला रडू फुटत होतं आणि रागही येत होता, कारण मी परत तशीच वाट बघत बसले होते, पहिल्या बाकावर बसल्यासारखी.

शेवटी त्यांनी बोटं मिटली, खडू उचलल्यासारखी. “चला,” म्हणाले.

माझ्यानं राहवलं नाही. “सर, छावणी राहिली.”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पण मला ओळखलं की नाही, देव जाणे.

“छावणी?”

“व्हय, सर. छावणीला तुम्ही कधी हाकच मारत नाही.”

“तिला कशाला हाक?” ते म्हणाले. आवाज अगदी वर्गातला, समजावून सांगतानाचा. “हाक मारायची ती कोण आलं, कोण नाही ते कळायला. बाकीच्यांचा भरवसा नसतो रे. ती असतीच.”

आणि डोळे मिटले. त्यानंतर ते नीट बोलले नाहीत. आठवडाभरात गेले.

अण्णा, तुमचं खरं आहे, मी असते. मी अजून आहे. पण मला तुमची फार आठवण येते, आणि ती एक हाक मला अजून हवी आहे. छावणीकडे जाताना रिक्षावाल्याला मी पुलावर थांबायला सांगते. तो कुरकुरतो, मागून हॉर्न वाजतात. मी उतरून कठड्यावरून वाकते आणि खामला पाणी किती आहे ते बघून ठेवते.