झटका मशीन आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर

अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर मी झटका मशीनच्या सळईला बांधली. सळई आयतीच जमिनीत ठोकलेली होती. दुसरी ठोकायची तर घाम गाळावा लागला असता.

झटका मशीन म्हणजे वावराभोवतीच्या तारेत थांबून थांबून करंट सोडणारा डबा. त्यानं जीव जात नाही, पण रानडुकराच्या नाकाला एकदा झटका बसला की ते त्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, फिरकत नाही. आमचं घर सेलूच्या बाहेर, वावरातच. नाल्याकडून डुकरं यायची, आणि चणा घाट्यावर आला होता. तो यंदा बाबांनी एकट्यानं वाढवला. मी वर्धेच्या नोकरीचं नाव सांगून वावरातून अंग काढून घेत असे.

त्यात मी भंगारवाल्याकडून जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर आणले. रेडिओ जोडला, खुर्ची ओढली, डोळे मिटले. गाण्याच्या मागून टक्, टक्, टक्. जणू गाणाऱ्या बाईच्या शेजारी बसून कुणी सुपारी फोडतंय.

पहिला आळ मी बायकोच्या इंडक्शन शेगडीवर घेतला. तिनं बिचारीनं गॅसवर स्वयंपाक केला, आवाज तसाच. मग ट्यूबलाइट, मोबाइलचे चार्जर, शेवटी हायवेकडचा टॉवर. टॉवरच्या लहरींवर मी बाबांना जेवताना व्याख्यान दिलं. त्यांनी भाकर संपवली आणि तारेला गवत टेकलंय तेवढं कापून टाक, असं सांगून उठून गेले. माझ्या व्याख्यानाचा गवताशी काय संबंध, ते मला कळलं नाही.

एका संध्याकाळी बायकोनं दारातून हाक मारली. म्हणाली, "अहो, त्या मशीनचा दिवा लुकलुकते ना, तेव्हाच हे टकटक करते. इकडे येऊन पाहा."

पाहिलं. दिवा आणि टकटक एकाच तालात होते. शेतातला झटका मी स्वतः वायर ओढून घरात आणला होता. मग मुकाट्यानं घरामागे वेगळी सळई ठोकली. आवाज बराच उतरला, पण गेला नाही. मोबाइलवर शोधलं तर उत्तर मिळालं की तारेला गवत टेकलं की तिथं ठिणग्या उडतात आणि त्या रेडिओत ऐकू येतात. म्हणजे गवत कापणं आलं. आणि धुरा काही छोटा नाही.

रविवारी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागतो. ऑफिसातल्या एका मित्राला मी त्याच्या बायकोसकट बोलावून ठेवलं होतं, आवाज कसा काचेसारखा आहे ते ऐकवायला. बाबा सेलूला बाजाराला गेलेले. गवत तसंच. मी मशीनचं बटण बंद केलं. कार्यक्रम संपला की लगेच चालू करू, दिवस मावळायच्या आत, एवढाच विचार.

गाणी खरंच काचेसारखी लागली. मित्रानं मान डोलावली. मग चहा झाला, चिवडा झाला, स्पीकरच्या लाकडावर चर्चा झाली, त्याच्या आग्रहावरून मी आवाज आणखी वाढवला. अंधार पडला तरी बटण कुणाच्याच डोक्यात नव्हतं. माझ्या तर नव्हतंच.

बाबा परतले ते नाल्याच्या बाजूनं. पिशवी ओट्यावर ठेवली, आत येऊन रेडिओ बंद केला आणि मला बॅटरी घेऊन बाहेर चल म्हणाले. नाल्याकडचा चण्याचा पट्टा लोळवलेला होता. झाडं मुळासकट उपटलेली, घाटे चघळून टाकलेले, मातीत खुरांचे ठसे. आम्ही आत मान डोलवत होतो तेव्हा हे बाहेर चाललं होतं.

मी सांगायला लागलो की मशीनमुळे रेडिओत कसा अडथळा येतो, आणि गवताचं मी उद्याच बघणार होतो. मित्र मागं ओट्यापाशी चपला शोधत होता. बाबांनी खाली वाकून एक उपटलेलं झाड उचललं, त्याची माती झटकली.

"डुकरं बाहेरून येतेत म्हणून तार लावली," ते म्हणाले. "घरातल्याले कुठून लावू?"