मागूनही न मिळालेलं

मागच्या महिन्यात एका लग्नाहून परतताना बारामतीत आमची रिक्षा एका चर्चसमोर थांबली. भिंतींना नुकताच रंग दिला होता. तेलरंगाचा तो ओलसर, डोक्यात चढणारा वास रस्त्यापर्यंत येत होता, आणि दारावरच्या कमानीत निळ्या अक्षरांत तीन शब्द लिहिले होते : विश्वास, आशा, प्रीती. माणसं असे शब्द सहज वाचून पुढे जातात. मला ते जमत नाही. ज्या माणसाच्या तोंडून मी या शब्दांचा अर्थ पहिल्यांदा ऐकला, त्याच्याजवळून ती तिन्ही एकदमच निघून गेली होती, आणि आम्ही शेजारची माणसं नुसती पाहत राहिलो होतो.

नव्वदच्या दशकातली ती पहिली वर्षं. आम्ही इंदापुरात राहत होतो आणि मी कॉलेजात जात होते. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. आमच्या भिंतीला भिंत लागून एक शाळामास्तर आणि त्यांची बायको राहायची. मास्तर आणि बाबा दोघेही लोणी भापकरचे, एकाच आळीत वाढलेले. मास्तरांच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता. बाबांनी लहानपणी आपल्या वडिलांचा हात धरून बुद्धाचा धम्म स्वीकारला होता. एकाच दुःखातून निघालेल्या त्या दोन वाटा पुढं वेगळ्या गेल्या, पण संध्याकाळी आमच्या ओट्यावर त्या रोज एकत्र यायच्या. दोघं तावातावानं वाद घालायचे. आई चहा आणून ठेवायची, तो निवून जायचा, आणि आई तो पुन्हा तापवायला न्यायची.

त्यातला एक वाद मला अजून शब्दाशब्दानं आठवतो. मास्तर सांगत होते, की खरेपणा, संयम, धीर हे गुण माणसाला सवयीनं अंगी बाणवता येतात. पोहायला शिकावं तसे. "पण ही तीन तशी न्हायत. विश्वास, आशा, प्रीती. कितीबी हातपाय मार, आपल्या बळावर न्हाय येत. ती देवाकडं नेतात, म्हणून देवानंच द्यायची असतात. आपण फकस्त मागायचं."

"आणि मागूनबी दिली न्हाईत तर?" बाबांनी विचारलं.

मास्तर हसले. "देतो रे. कसा देणार न्हाय?"

बाबाही हसले. वाद तिथंच थांबला. उत्तर द्यायची वेळ येईल असं त्या संध्याकाळी कुणालाच वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी काकींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, घास गिळता येईनासा झाला. पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. सगळ्या आळीला घरचं माणूस वाटणारी ती बाई दिवसेंदिवस अंथरुणात मिसळत गेली. चर्चमधली माणसं रविवारी यायची, गाणी म्हणायची, तुम्ही नक्की बऱ्या होणार म्हणून सांगायची. ती माणसं परत गेल्यावर काकी मला म्हणाल्या, "पोरी, आशा म्हणजे बरं व्हायची खात्री न्हवं गं. ती ह्याच्या पल्याडची असती. ह्यांना ते ठाऊक हाय. पण ह्यांच्याकडं बघ." मास्तर दाराशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

शेवटच्या आदल्या संध्याकाळी काकींनी प्रार्थना म्हणायला सांगितली. मास्तर पलंगाशी गुडघे टेकून बसले. जन्मभर जी प्रार्थना त्यांनी पोरांना शिकवली, तिचा पहिला शब्दही त्यांच्या घशातून निघेना. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, मी पेजेची वाटी धरून उंबऱ्यात. काकींनी मान वळवून बाबांकडे पाहिलं.

"भावजी, तुमी म्हणा. इतक्यांदा ऐकलीया, तुमाला पाठ आसंल."

बाबांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. "पाठ हाय, वहिनी," ते म्हणाले. "पण मी म्हणलं तर ते खोटं व्हईल. तुमच्याम्होरं मला खोटं न्हाय बोलवत."

मग काकींनी डोळे मिटले. "बरं. मग ह्यांचा हात धरून बसा." बाबा बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी गेल्या. प्रार्थना राहिली ती राहिलीच.

त्यानंतर मास्तरांनी चर्चला जाणं सोडलं. त्यांना देवाचा राग आला होता असं नाही. राग आला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. त्यांच्या आत काहीतरी नुसतं आटून गेलं होतं. "मागतो रे," ते बाबांना म्हणायचे, "रोज सकाळी उठून मागतो. न्हाय येत." आपला जुना प्रश्न असा खरा ठरलेला पाहून बाबा खचले होते. ते रोज संध्याकाळी पलीकडे जाऊन बसत. वाद संपले होते. चहा मात्र आता गरम असतानाच पिऊन व्हायचा, आणि आईला त्याचंच रडू यायचं.

एकदा मास्तर जरा चिडूनच म्हणाले, "कशापायी येतोस रोज? काय देणार हायेस मला?"

"काय न्हाय."

"मग?"

"आमच्या धम्मात त्याला मैत्री म्हणत्यात. ती मागावी लागत न्हाय, करावी लागती."

मास्तर त्यांच्याकडे वळले. "आमच्यात तिलाच प्रीती म्हणत्यात. पण ती तुझी न्हाय, येड्या. तुला कुणीतरी दिलीया."

"कुणी?"

मास्तरांनी मान खाली घातली. आपल्याच वाक्याचा पुढचा शब्द त्यांना उच्चारता आला नाही.

पुढं त्यांची मुलगी त्यांना नगरला घेऊन गेली. आम्ही भिगवणच्या स्टेशनावर सोडायला गेलो होतो. धरणाच्या पाण्याकडून वारा येत होता आणि फलाटावर मासळीच्या टोपल्या रचलेल्या होत्या. गाडी दिसू लागली तेव्हा मास्तरांनी बाबांचा खांदा धरला आणि म्हणाले, "परत म्हणता याया लागलीया रे प्रार्थना. तुझ्यासाठीबी म्हणीन. चालंल न्हवं?"

बाबांनी आयुष्यात कुठल्याच देवाकडे काही मागितलं नव्हतं. ते म्हणाले, "चालंल. म्हण."

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "खरंच परत आली आसंल का गं त्याला? का मला बरं वाटावं म्हणून म्हणाला?"

त्यानंतर दोघांची भेट झाली नाही. आज दोघेही नाहीत. मी आता त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, माझीही माणसं गेली आहेत, आणि रित्या हातांनी कुणाच्या तरी उशाशी बसणं म्हणजे काय ते मलाही कळलं आहे. पण मास्तर त्या फलाटावर खरं बोलले की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. खरं बोलले असतील, तर मागितलेलं त्यांना उशिरा का होईना मिळालं. खोटं बोलले असतील, तर जे बाबांना काकींसाठी करता आलं नव्हतं ते त्यांनी बाबांसाठी केलं. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही मला सांगता येत नाही.