कामवाल्यांच्या लिफ्टचं कार्ड

लिफ्टच्या कामात नुसतं 'हो' म्हणायला बंदी असते. एक माणूस वर मशीनच्या खोलीत, दुसरा लिफ्टच्या टपावर नाहीतर खाली खड्ड्यात, आणि मध्ये अकरा मजल्यांचा अंधार. वरचा ओरडतो, "खाली घेतोय!" खालच्यानं तेच परत ओरडायचं, "खाली घेतोस!" ते कानावर आल्याशिवाय वरचा बटणाला हात लावत नाही. कारण 'हो' माणूस झोपेतही म्हणतो, दाढ दुखत असतानाही म्हणतो, आणि बायको काय बोलली ते कळलं नाही तरी म्हणतो. 'हो'वर विसंबलेली काही माणसं आज काठी घेऊन चालतात, आणि ती नशीबवान म्हणायची.

मिस्त्रीच्या अंगात ही सवय तेवीस वर्षांत इतकी मुरली होती की ती रविवारीसुद्धा सुटत नसे. चर्चमध्ये शास्त्रवाचन संपलं की मंडळी एका सुरात "आमेन" म्हणायची. त्याला तो आमेन खड्ड्यातून आलेल्या 'हो'सारखा वाटे. ऐकलं की नाही ऐकलं, कळायला मार्ग नाही. म्हणून तो वाचन चालू असताना पुढे वाकून, डोळे मिटून शब्द न् शब्द टिपून घेई, घरी आल्यावर जेवणाआधी ते बायकोला आपल्या शब्दांत परत बोलून दाखवी, आणि त्यातलं एक तरी काम पुढच्या रविवारच्या आत हातावेगळं करी.

त्यामुळे त्याच्या घरात रविवार आला की बायको आधी धान्याचे डबे उघडून बघायची. एकदा वाचन झालं होतं की वैरी भुकेला असला तर त्याला जेवू घालावं. मिस्त्रीचा वैरी म्हणजे दुसऱ्या कंपनीचा एक फिटर. मिस्त्री पिऊन कामाला येतो अशी आवई त्यानं गावभर उठवली होती. मिस्त्रीनं त्याला आठ दिवस जेवायला आणलं.

"वैरी तुमचा," बायको म्हणाली, "आणि चुलीपुढे तापायचं मी?"

आठव्या दिवशी तो वैरी हात धुता धुता म्हणाला, "वहिनी, मीठ जरा बेतानं घालत जा." मिस्त्री म्हणे, झालं, समेट झाला. बायको म्हणे, आता तो माझा वैरी झाला.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. कामवाल्यांच्या लिफ्टचं प्रकरण तसं नव्हतं.

मिस्त्रीच्या कंपनीकडे एका अकरा मजली इमारतीच्या देखभालीचं काम होतं. तिथे शेजारी शेजारी दोन लिफ्ट. एक रहिवाशांची, आत पितळी दांडा आणि उभा आरसा; कामवाल्यांना तिच्यात मज्जाव. दुसरी कामवाल्यांची, आत पत्रा आणि कचऱ्याच्या डब्यांचे ओरखडे. पण दाराआड दोघी सख्ख्या बहिणी. मशीन एक, वर्ष एक, लिफ्ट हलवणारं कंट्रोल कार्डही एकच जातीचं. सहा महिन्यांपूर्वी रहिवाशांच्या लिफ्टचं कार्ड जळालं. इमारतीचे अध्यक्ष नवव्या मजल्यावर राहायचे. तेच मिस्त्रीच्या चर्चचा कारभार बघणारे पंच. त्यामुळे त्यांना सगळे पंचसाहेब म्हणत. ते म्हणाले, "तूर्त त्या लिफ्टचं काढून हिला लाव. नवं कार्ड मागवतो. दोन आठवड्यांचा तर प्रश्न."

या धंद्यात असं एकीचं काढून दुसरीला लावणं रोजचंच. मिस्त्रीनं लावलं, देखभालीच्या वहीत 'तात्पुरतं' असं लिहिलं, आणि मागणीचा कागद पंचसाहेबांच्या सहीसाठी पाठवून दिला. पण त्यांची लिफ्ट चालू झाली, कामवाल्यांची बंद पडून राहिली आणि सहीची घाईच संपली. दोन आठवड्यांचे सहा महिने झाले. वहीतला 'तात्पुरतं' हा शब्द पिवळा पडत चालला.

अकराव्या मजल्यावर एक म्हातारी स्वयंपाकाला यायची. सगळे तिला मावशी म्हणत. वर जाताना ती सातव्या मजल्याच्या वळणावर पालथ्या बादलीवर बसून दम खायची. शनिवारी मिस्त्री महिन्याच्या तपासणीला गेला तेव्हा ती जिना उतरत होती, पण पाठमोरी. दोन्ही हातांनी कठडा धरून, एक पाय मागे टाकून, चाचपून, मग दुसरा. सरळ उतरलं की गुडघे धरत नाहीत म्हणून तिनं काढलेली युक्ती.

"काय रे मिस्त्री," ती वळून न बघताच म्हणाली, कारण बघितलं असतं तर तोल गेला असता, "तुझी लिफ्ट आमच्यावर रुसली का काय?"

"कार्ड नाही तिला, मावशी."

"कुठं गेलं?"

गेलं कुठे ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्याच हातांनी ते काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शास्त्रवाचनाची पाळी पंचसाहेबांची होती. त्यांचा आवाज म्हणजे घुमटाखाली वाजवलेली घंटा. त्यांनी ते वचन वाचलं: सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की तुम्ही त्याला चांगली जागा देता, आणि फाटक्या कपड्यातल्याला म्हणता, तू तिथे उभा राहा नाहीतर माझ्या पायाशी बस, असा भेद करणारे तुम्ही कुठले न्यायाधीश? आणि त्याच्या आधीचंही वाचलं, की नुसतं ऐकून जो करत नाही तो आरशात तोंड बघून पाठ फिरवताच आपला चेहरा विसरणाऱ्यासारखा. मंडळी म्हणाली, "आमेन."

मिस्त्री म्हणाला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पितळी दांड्याच्या लिफ्टमधला आरसा होता. अकरा मजले त्यात बघत लोक वर जातात, आणि मागच्या भिंतीपलीकडे जिन्यावर एक बाई पाठमोरी उतरते.

घरी त्यानं वाचलेलं परत बोलून दाखवलं. बायकोनं मध्येच पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अहो, त्या इमारतीबद्दल बोलताय ना?"

"हो."

"पंच आहेत ते. कंपनीचं ते सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पुन्हा विचारून सही मागा की."

"चौदा वेळा मागितली. वहीत तारखा आहेत."

"नोकरी गेली तर?"

"अगं, कार्ड मी काढलंय. पंधराव्यांदा सही मागून ते आपोआप जागेवर जाणार आहे का?"

ती उठली आणि त्याचा कामाचा शर्ट इस्त्रीला काढला. "शिव्या खायच्याच आहेत तर नीटनेटक्या कपड्यात खा," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी तो आणि त्याचा जोडीदार त्या इमारतीत गेले. जोडीदार दहा वर्षं त्याच्याबरोबर होता; मनानं चांगला, पण पाण्यात पडायच्या आधी टॉवेल शोधणारा. मशीनच्या खोलीत मिस्त्रीनं मेन स्विच बंद केला आणि मोठ्यानं म्हणाला, "रहिवाशांच्या लिफ्टचं कार्ड काढतोय."

जोडीदार हत्यारांची पिशवी चाळायला लागला.

"कार्ड काढतोय!"

"मी ऐकलंच नाही असं समज."

"ऐकलं नाहीस तर उत्तर कसं देतोस?"

जोडीदारानं कपाळाला हात लावला. "काढतोस बाबा, कार्ड काढतोस. आणि मलाही घेऊन बुडतोस."

तासाभरात कार्ड आपल्या मूळ जागी गेलं. मिस्त्रीनं रिकामी लिफ्ट सहा वेळा वर-खाली फिरवली, मग स्वतः आत उभा राहून ब्रेक तपासला, दारं तपासली. खाली रहिवाशांच्या लिफ्टवर त्यानं पाटी लावली: 'कार्ड नसल्यामुळे बंद. शेजारची चालू आहे.' कामवाल्यांच्या लिफ्टवरची 'फक्त कामवाल्यांसाठी' ही जुनी पाटी त्यानं जशीच्या तशी राहू दिली. सहा महिने कुणी तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

दुपारी पंचसाहेब आले. पाटी वाचली. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. आत मावशी होती, भाजीच्या दोन पिशव्या घेऊन. शिवाय झाडूवाला, आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. ते वर्तमानपत्र घडी करून काखेत धरून अवघडून उभे.

"या साहेब," मावशी पिशवी पोटाशी घेत म्हणाली, "जागा आहे."

पंचसाहेबांनी आत बघितलं, ओरखड्यांकडे बघितलं. "मी जिन्यानं जातो," ते म्हणाले, आणि वळले. जिन्याच्या तोंडाशी मिस्त्री उभा होता.

"कुणाला विचारून केलंस?"

"चला साहेब, वर चालता चालता सांगतो."

पहिल्या मजल्यापर्यंत पंचसाहेबच बोलले. कंपनीला कळवीन, करार मोडीन, तुला रस्त्यावर आणीन. दुसऱ्या मजल्यावर वाक्यं आखूड झाली. तिसऱ्यावर मिस्त्रीला जागा मिळाली.

"साहेब, ते कार्ड त्या लिफ्टचंच होतं. मी उसनं घेतलं होतं, परत केलं."

"या इमारतीत म्हातारी माणसं राहतात!"

"मावशी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. अकरा मजले चढते."

"तिला... त्याचा पगार..." चौथ्या मजल्यावर वाक्य अर्धंच राहिलं.

पाचव्यावर ते कठड्याला टेकले. "मिस्त्री, आपण एका चर्चची माणसं. हे असं शोभतं का? चारचौघांत माझी शोभा केलीस."

"काल तुम्हीच वाचलंत साहेब. अंगठीवाल्याला जागा आणि फाटक्याला जिना."

"तसं लिहिलेलं नाही! जिन्याचा तिथे काय संबंध?"

"तिथे नाही, इथे आहे. म्हणून तर मी इथे आलो."

पंचसाहेब सहाव्याच्या वळणावर पायरीवर बसले. अंगावर महागडा कोट, खाली गार फरशी. घाम पुसून ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "ऐक. मागणीच्या कागदावर आत्ता सही करतो. तुझ्यासमोर. नवं कार्ड येईलच आठवड्यात. तोवर जुनं परत आमच्या लिफ्टला लाव. ना तुझं ना माझं. तुझी नोकरीही राहील."

मिस्त्रीला मोह झाला नाही असं नाही. नोकरी वाचत होती, सही मिळत होती, आणि मावशीला पुढचा आठवडा सोसावा लागला असता, एवढंच. एवढंच! हा शब्द मनात आला आणि त्याला स्वतःचाच राग आला. सहा महिन्यांपूर्वीही प्रश्न एवढाच होता.

"सही करा साहेब, चांगलं आहे. नवं कार्ड आलं की तुमच्या लिफ्टला लावू. तोवर तुम्ही तिच्या लिफ्टनं जा. ती तुम्हाला जागा देते आहे."

"मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाईन!"

"जा की. सांगा, मी वाचलं आणि एकानं ते केलं, त्याला काहीतरी शिक्षा द्या."

पंचसाहेब उठले. उरलेले तीन मजले ते एकटे चढले.

बुधवारी मिस्त्रीला कंपनीच्या ऑफिसात बोलावणं आलं. सुपरवायझर एक तरुण इंजिनीअर बाई होत्या; टेबलावर पंचसाहेबांची तक्रार, शेजारी कोरा कागद.

"मिस्त्री, दोन ओळी लिहा. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी पुढचं सांभाळते."

मिस्त्रीनं लिहिलं. बाईंनी कागद उचलून मोठ्यानं वाचला: "'सहा महिन्यांपूर्वी मी कामवाल्यांच्या लिफ्टचं कार्ड काढून दुसऱ्या लिफ्टला लावलं. ही चूक झाली. पुन्हा होणार नाही.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "मी ही चूक म्हटलं होतं का?"

"चूक विचारलीत, मी सांगितली. दुसरी केलेलीच नाही तर लिहू काय?"

"तुम्हाला कळतंय ना, मला तुम्हाला त्या इमारतीवरून काढावं लागेल?"

"काढा मॅडम. पण कार्ड हलवायला मी जाणार नाही, आणि जो जाईल त्याला वहीत स्वतःच्या नावानं लिहायला लावा, कुणासाठी कुणाचं काढलं ते."

बाईंनी जोडीदाराला फोन लावला. कार्ड परत रहिवाशांच्या लिफ्टला लावायला त्याला सकाळीच त्या इमारतीत पाठवलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"झालं का काम?"

"नाही मॅडम. लिफ्टमध्ये माणसं आहेत. रिकामी झाल्याशिवाय मेन बंद करता येत नाही, नियम आहे."

"दुपारचे बारा वाजलेत!"

"सकाळी आठपासून रिकामी होतच नाही. कामवाले आहेत, रहिवासी आहेत, तिसऱ्याचे मास्तर तर उगाच दोनदा फिरून आले. आत्ता मावशी वर चाललीय." मागे दार सरकल्याचा आवाज आला. "उतरली की बघतो. पण मग खाली दहाजण उभे आहेत."

पाण्यात पडायच्या आधी टॉवेल शोधणारा तो, असं बोलतोय! मिस्त्रीनं खिडकीबाहेर बघितलं, नाहीतर चेहऱ्यावरचं दिसलं असतं.

बाईंनी फोन ठेवला. थोडा वेळ पेन बोटांत फिरवलं. मग पंचसाहेबांना फोन लावला आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमच्या लिफ्टला नवं कार्डच लागेल. कागद चौदा वेळा पाठवलाय, पंधरावा आत्ता पाठवते. सही झाली की चार दिवसांत बसवून देतो. नाही, जुनं हलवता येणार नाही. लिफ्ट वापरात आहे."

पलीकडून बराच वेळ काहीबाही ऐकू येत होतं. बाई ऐकत राहिल्या, फोन ठेवला आणि मिस्त्रीकडे बघितलं.

"तक्रार मागे घेणार नाहीत ते. तुम्हाला तिथे पाय ठेवायला बंदी. उद्यापासून तुम्ही गोदामांकडे. मालाच्या चार लिफ्ट आहेत, धूळ आहे, उंदीर आहेत, आणि त्यातल्या दोन बंद आहेत."

"किती दिवस बंद?"

"वर्ष झालं असेल."

"आणि माल कोण वाहतं? पाठीवर?"

"मिस्त्री," बाई हात जोडत म्हणाल्या, "हे बघा, तिथे जाऊन आधी महिनाभर नुसतं तेल घाला. काही विचारू नका."

मिस्त्रीनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेला आणि तिथूनच म्हणाला, "त्या दोन लिफ्टच्या वह्या काढून ठेवा मॅडम. सह्या कुणाच्या राहिल्यात तेवढं बघून घेतो."